रेड रिव्हर, तीन दिवसांची चार दिवसात: कॅनू भाड्याने देणाऱ्या दुकानाचा रिव्ह्यू (आणि थोडा नदीचाही)

आधीच सांगतो, दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण अर्धा रिव्ह्यू कौतुकाचा आहे आणि अर्धा तक्रारीचा, आणि माझी तक्रार वाचून त्या ट्रकवाल्या आजोबांच्या पोटावर पाय यावा असं मला अजिबात वाटत नाही. कोणाला खरंच जायचं असेल तर एकूण प्लॅनिंग कसं करायचं, दुकानाला फोनवर काय विचारायचं आणि त्यांच्या कुठल्या उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही, एवढं यातून कळलं तरी पुरे.

तर आम्ही तिघं. ताई आणि दाजी अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या फार्गोला असतात, मी मिनियापोलिसहून गाडी घेऊन गेलो. दाजींच्या ऑफिसचा रस्ता रोज रेड रिव्हरवरच्या पुलावरून जातो आणि रोज ते खाली बघून म्हणतात, एकदा ही नदी करायची. "करायची" म्हणजे काय ते त्यांनाही माहीत नव्हतं. शेवटी या ऑगस्टमध्ये ठरलं, हॅल्स्टॅडला पाण्यात उतरायचं आणि ग्रँड फोर्क्सला बाहेर पडायचं. नकाशावर बघितलं तर रस्त्याने साधारण ४० मैल, म्हणजे ६५ किलोमीटर. मी म्हणलं हे तर सायकलवर अर्ध्या दिवसाचं काम, बोटीत तीन दिवस काय करायचं?

ही पहिली चूक. या नदीचं अंतर रस्त्याच्या नकाशावर कधी म्हणजे कधीच मोजू नका. ती इतकी वळते की एका वळणावर जे झाड डावीकडे दिसलं तेच वीस मिनिटांनी परत डावीकडे दिसतं, आणि आपल्याला वाटतं आपण येडे झालो. मिनेसोटाच्या डीएनआरचा (राज्याचं निसर्ग-संपत्ती खातं) रेड रिव्हर वॉटर ट्रेलचा, म्हणजे बोटीच्या वाटेचा, नकाशा फुकट डाउनलोड होतो, त्यात नदीचे मैल टाकलेले आहेत, उतरायच्या जागा दाखवल्यात, तो काढून बसलो तेव्हा कळलं की हॅल्स्टॅड ते ग्रँड फोर्क्स पाण्याने ७५ मैलांच्या वर जातं. सव्वाशे किलोमीटर धरा. म्हणजे रस्त्याच्या जवळपास दुप्पट. दक्षिणेला फार्गोपासून ग्रँड फोर्क्सपर्यंत धरलं तरी तोच हिशोब, रस्त्याने ८० मैल आणि नदीने दीडशेच्या आसपास.

आता दुकान. फोनवर एक मुलगी होती, बोलायला एकदम गोड, तिला विचारलं बाई गं तीन दिवसात होईल का, तर ती म्हणाली आरामात, नदी शांत आहे, लहान मुलं घेऊन पण लोक जातात. कॅनू (दोघांची उघडी वल्ह्याची बोट) दिवसाला ४५ डॉलर, कयाक (एकट्याची छोटी) ३५, शटलचे, म्हणजे ट्रकने माणसं आणि बोटी नेण्या-आणण्याचे, ९०. शनिवारी दुपारी चारला ग्रँड फोर्क्सला घ्यायला येऊ. मी लगेच कार्डाचा नंबर दिला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवारी घरी झोपा, सोमवारी ऑफिस. काय सुंदर प्लॅन होता.

"नदी शांत आहे" या वाक्याचा अर्थ मला पाण्यात गेल्यावर कळला. शांत म्हणजे ती तुम्हाला त्रास देत नाही, पण मदतही करत नाही. या नदीला उतारच नाही. सरासरी मैलाला पाच इंच, आणि पुढे ड्रेटन-पेम्बिनाकडे तर मैलाला दीड इंच. आपल्या बाथरूमच्या फरशीला गवंडी यापेक्षा जास्त उतार देतो, आणि तरी पाणी साचतंच. कारण असं की ही दरी नदीने कोरलेली नाहीच, हिमयुगाच्या शेवटी इथे अगासिझ नावाचं अवाढव्य सरोवर होतं, ते आटलं, त्याचा सपाट तळ उरला, आणि त्या तळावरून ही नदी हळूहळू वाट शोधत उत्तरेला जाते, थेट कॅनडात लेक विनिपेगला. त्यामुळे जेवायला वल्ही आत घेऊन बसलो तेव्हा मी एक कॉटनवूडचं झाड धरून ठेवलं नजरेने, सँडविच संपलं तरी झाड तिथंच. मग उत्तरेचं वारं सुटलं आणि झाड पुढे जायला लागलं, म्हणजे आम्ही मागे चाललो होतो! नदी उत्तरेला, वारा उत्तरेकडून, आणि वाऱ्याचा जोर पाण्यापेक्षा जास्त. त्या मुलीने बहुतेक जूनमधल्या भरलेल्या पाण्याचा हिशोब सांगितला असणार, ऑगस्टमध्ये तो लागू नाही.

म्हणून फोनवर "किती दिवस लागतील" असं विचारूच नका. तुम्ही तासाला किती मैल वल्हवता ते स्वतः आधी एखाद्या तळ्यात बघा. आमचा सामानासकट, गप्पा मारत, वेग निघाला तासाला अडीच मैल, तीन म्हणजे डोक्यावरून पाणी. दिवसाला २६ मैल करायचे तर दहा तासाच्या वर सलग वल्हवायला लागतं. सहलीला गेलोय की मजुरीला?

आता कौतुकाचा भाग, म्हणजे आजोबा. सत्तरीचे असतील, शटलचा ट्रक तेच चालवतात, मागे ट्रेलरवर बोटी. सकाळी दुकानात गेलो तर त्यांनी आमचा कागद बघितला, तीन दिवस वाचलं आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत म्हणाले, चार. मी म्हणलं फोनवर तीन सांगितलंय. ते म्हणाले फोनने वल्हवणार आहात का? दाजी एवढे हसले की मला गप्प बसावं लागलं. पण रजा तीनच दिवसांची होती, मी अडून बसलो की आम्ही करू तीन दिवसात. तर त्यांनी एकच गोष्ट केली आणि त्या एका गोष्टीसाठी मी शटलला पाच स्टार देतोय. शनिवारी चारला घ्यायला येणं त्यांनी रद्द केलं. म्हणाले आत्ता तुमची गाडी ग्रँड फोर्क्सला नेऊन ठेवा, मी मागे मागे येतो, तिथून ट्रकमध्ये बसा, मी तुम्हाला हॅल्स्टॅडला सोडतो. म्हणजे गाडी शेवटाला आधीच उभी. तुम्ही शनिवारी पोचा नाहीतर मंगळवारी, कोणी घड्याळ बघत उभं नाही, आणि उशीर होतोय म्हणून अंधारात घाई करून झाडाच्या खोडात घुसायचं नाही. पैसे तेवढेच. हे दुकान स्वतःहून फोनवर का सांगत नाही देव जाणे. कुठल्याही नदीवर जा, शटल घेताना हा पर्याय मागाच.

ट्रकमध्ये तास-पाऊण तासात त्या माणसाने जे सांगितलं ते कुठल्या ब्रोशरमध्ये नाही. पाण्याची पातळी यूएसजीएसच्या (अमेरिकेचं सरकारी भूशास्त्र खातं) साइटवर बघायची, हॅल्स्टॅडला पाणी मोजायचं गेज आहे, पण नुसतं हॅल्स्टॅडचं बघून निघायचं नाही, वरचं फार्गोचं पण बघायचं, कारण इथे पाणी इतकं सावकाश येतं की तिकडे पडलेला पाऊस तुमच्या तंबूखाली काही दिवसांनी पोचतो आणि तेव्हा तुमच्या डोक्यावर मात्र स्वच्छ ऊन असतं. रात्री बोट काठावर ओढून ठेवली तरी झाडाला बांधायचीच. वळणाच्या बाहेरच्या बाजूला जायचं नाही, तिकडचा काठ ढासळतो आणि आख्खी झाडं पाण्यात आडवी पडलेली असतात, पाणी त्यांच्या फांद्यांमधून आरपार जातं, बोट आणि माणूस जात नाही. थांबायचं तर वळणाच्या आतल्या बाजूला बघायचं, तिकडे काठ जरा उतरता असतो. आणि दोन्ही बाजूची जमीन बहुतेक शेतकऱ्यांची आहे, वाट्टेल तिथे तंबू ठोकायचा नाही, नकाशावर ज्या जागा दाखवल्यात त्या धरून दिवस आखायचा. म्हणजे खरं प्लॅनिंग मैलांचं नाहीच, मुक्कामांचं आहे. दोन मुक्कामांमध्ये जेवढं अंतर तेवढाच तुमचा दिवस, मग तुमचे हात काही का म्हणेनात.

निघताना त्यांनी कॅनूत जुन्या कार्पेटचे दोन तुकडे टाकले. घरातलं फाटकं कार्पेट, करड्या रंगाचं, दरवाजाच्या पायपुसण्यापेक्षा थोडं मोठं. आम्हाला वाटलं गुडघ्याखाली घ्यायला असेल. ताई म्हणाली कसलं घाण वास मारतंय, राहू दे इथंच. बरं झालं नाही ठेवलं.

पहिल्या संध्याकाळी कळलं ते कशाला होतं. गुरुवारी अकरा वाजता उतरलो होतो, १५ मैल झाले, काठाला लागलो. दिसायला छान गुळगुळीत राखाडी काठ, ओला, उन्हात चमकतोय. दाजी पुढच्या सीटवरून ऐटीत उतरले आणि गुडघ्यापर्यंत गायब. पायाने जोर लावला तर दुसरा पाय गेला. वरून साबण आणि खालून फेविकॉल अशी ती माती आहे. सरोवराच्या तळाची चिकणमाती, एवढी बारीक की बोटांत चोळली तर कणच लागत नाही. पावसाळ्यात काळ्या रानात चपला हातात घेऊन चाललेले लोक आहोत आम्ही, पण ही तिची पण आजी. दाजींनी पाय वर काढला तर फ्लॉक फ्लॉक आवाज करत नुसता पाय आला, सँडल खालीच. ताई कॅनूत मागे बसून हसून हसून रडतेय, दाजी ओरडतायत अगं हसू नकोस, ते वल्हं दे, आणि ती देत नाहीये कारण हसताना तिच्या हातातून सुटतंय. शेवटी मी कयाकमधून तो कार्पेटचा तुकडा त्यांच्यापुढे फेकला, त्यांनी त्यावर दोन्ही हात टेकले आणि सरपटत बाहेर. मग दुसरा तुकडा पुढे, मग पहिला उचलून त्याच्या पुढे, असं करत करत सामान वर नेलं. दुसऱ्या दिवसापासून कार्पेट पहिलं बाहेर जायचं, मग माणूस. सँडल अजून तिथंच आहे, हजार वर्षांनी कोणाला तरी सापडेल. तुम्ही जाल तेव्हा पट्टा घट्ट बसणारे, घोट्याला धरणारे बूट घ्या, मोकळ्या चपला नाही.

बोटींबद्दल. कॅनू अॅल्युमिनियमचा, सतरा फुटी, ठोकलेला, पोचे आलेले, पण एकदम भक्कम आणि सरळ जाणारा, सामान भरून त्याला काही फरक पडला नाही. वल्हं कुठेही आपटलं की ढण्ण करून घंटा वाजते आणि अर्ध्या मैलावरचे पक्षी उडतात, तेवढं एक. कयाक मात्र बेकार. मला दिला तो छोटा, तळ्यात दोन तास फिरायला ठीक आहे, चार दिवसांच्या नदीला नाही. पाठीचा पट्टा शुक्रवारी दुपारी तुटला, मग तंबूची पिशवी पाठीमागे लावून बसलो. सामानाचं झाकण नीट बसत नव्हतं, स्लीपिंग बॅगचं एक टोक ओलं. आणि पॅडल माझ्या मानाने आखूड, प्रत्येक वेळी हात कयाकच्या काठाला घासायचा, अंगठ्याची साल निघाली. हे दुकानातच, जमिनीवर बसून, वल्हं हातात घेऊन बघायला हवं होतं, ती चूक माझी. पण झाकण त्यांनी तपासायला हवं होतं. बोटींना तीन स्टार, ते पण कॅनूमुळे. तिघं असाल तर दोन कॅनू घ्या, कयाकच्या नादाला लागू नका. लाइफ जॅकेट चांगली होती, माणशी एक असणं कायद्याने लागतंच. मिनेसोटात १० फुटांपेक्षा लांब बोटीला बिनमोटरची असली तरी नोंदणी लागते, भाड्याच्या बोटींवर स्टिकर होते, ते निघण्याआधी बघून घेतलं.

पाणी प्यायचं सगळं बरोबर न्या. नदीत तंगड्या बुडवून बसलात तर पाणी चहासारखं दिसतं, दूध घातलेल्या चहासारखं, आणि ते घाण नाही, माती आहे, पण तीच माती फिल्टरमध्ये अडकून फिल्टर बसतो, शिवाय दोन्हीकडे मैलोन्मैल शेती आहे, बीट, गहू, सोयाबीन, त्यातून वाहून येणारं सगळं इथेच येतं. आम्ही माणशी दिवसाला चार लिटर धरलं होतं, तीन दिवसांचं, आणि एक कॅन जास्तीचा ताईने हट्टाने घेतला होता. चौथा दिवस त्या कॅनवर निघाला. तिला हे मान्य केल्यापासून घरात राहणं अवघड झालंय. डासांबद्दल काय लिहू, संध्याकाळी डोक्यावरून घ्यायची जाळी नसेल तर जाऊच नका.

नदी कशी आहे हे कोणी विचारलं तर सांगतो, जगातल्या सगळ्यात सपाट प्रदेशांपैकी एकात चार दिवस होतो आणि सपाट काही दिसलंच नाही. काठ उंच, त्यावर कॉटनवूड, एल्म, ओकची झाडं, म्हणजे तुम्ही एका हिरव्या बोळातून चाललाय. पलीकडे शेतात मशीन चालल्याचा आवाज येतो, दिसत नाही. क्लायमॅक्स नावाचं गाव आहे वाटेत, काठावरून काही म्हणजे काही दिसत नाही, दाजी म्हणाले क्लायमॅक्सच कळला नाही पिक्चरचा. पण गरुड दिसले, दर दोन-चार वळणांनी एक, पांढऱ्या डोक्याचा, आमच्या पुढच्या झाडावर जाऊन बसायचा, आम्ही पोचलो की वैतागून पुढच्या झाडावर. रात्री बीव्हर शेपूट पाण्यावर आपटतो, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ताईला वाटलं कोणीतरी दगड मारतंय. आणि माणूस? चार दिवसात एकूण दोन बोटी, दोन्ही कॅटफिश पकडणारे. १८५९ साली अॅन्सन नॉर्थप नावाची आगबोट याच नदीतून उत्तरेला फोर्ट गॅरीपर्यंत, म्हणजे आजच्या विनिपेगला गेली होती, या वळणांमधून आगबोट वळवणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार, मला नऊ-दहा फुटाचा कयाक वळवता येत नव्हता.

शनिवारी चार वाजता, म्हणजे गोड मुलीच्या हिशोबाने ट्रक आला असता तेव्हा, आमचे १६ मैल बाकी होते. मी नकाशा धरून बसलो होतो आणि दाजी माझ्याकडे बघून नुसते म्हणाले, "फोनने वल्हवायचं का?" त्यांचं ते आता वर्षभर चालणार. पण खरं सांगतो, गाडी पुढे उभी आहे हे माहीत असल्यामुळे कोणाचीच चिडचिड झाली नाही, लवकर थांबलो, अंघोळ नाही पण निदान हातपाय धुतले, सोमवारची रजा मेसेज करून टाकली.

रविवारी दुपारी ग्रँड फोर्क्स. उजवीकडून रेड लेक रिव्हर येऊन मिळते, गावाचं नाव याच संगमावरून पडलंय, आणि पुढे लगेच सोरली ब्रिज दिसतो, १९२९ चा लोखंडी पूल. आजोबांनी सांगितलं होतं की पूल दिसला की उजव्या बाजूच्या रॅम्पला लागायचं, उगाच पुढे जायचं नाही, खाली रिव्हरसाइडचा जुना बांध आहे, आता दगड टाकून त्याचं उतरतं रॅपिड (खळाळतं पाणी) केलंय पण दमलेल्या माणसाने तिथे जायचं कारण नाही. सोरली पुलाची गंमत म्हणजे तो चाकांवर ठेवलाय, रेल्वेसारख्या, कारण काठाची माती सरकते. पुलाला जे कळतं ते दाजींच्या सँडलला कळलं नव्हतं.

गाडी होती तशी उभी. शेवटची रात्र मिळणार असेल तर ईस्ट ग्रँड फोर्क्सच्या रेड रिव्हर स्टेट रिक्रिएशन एरियात तंबू टाका, शॉवर आहे, झाडं आहेत. ती जागा म्हणजे आधी लोकांच्या घरांची वस्ती. १९९७ च्या पुरात इथे पाणी ५४.३५ फुटांवर गेलं होतं, पुराची पातळी २८ फुटांना सुरू होते म्हणजे विचार करा. दक्षिणेतलं बर्फ आधी वितळतं आणि पाणी उत्तरेला अजून गोठलेल्या नदीकडे जातं, त्यामुळे एप्रिलमध्ये या नदीकडे फिरकायचं पण नाही. घरं गेली, ती परत बांधली नाहीत, जागा नदीला सोडून दिली. ताई तिथे बराच वेळ गप्प होती. चार दिवस जिला हलव हलव म्हणून शिव्या दिल्या तीच ही नदी.

मग दुकान, आणि शेवटची तक्रार. बोटी परत करायला आजोबांचा ट्रक रॅम्पवर आला, फोन केल्यावर चाळीस मिनिटांत, रविवार असून. पण बिलात चौथा दिवस पूर्ण लावला, ८० डॉलर. मी म्हणलं दोनला पाण्याबाहेर होतो, निम्मे तरी करा, तर काउंटरवरची (तीच, फोनवाली) म्हणाली आमचा दिवस कॅलेंडरचा असतो. हे आधी सांगायचं ना. तीन दिवस पण हिनेच सांगितले आणि चौथ्याचे पैसे पण हीच घेते. फोनवरच्या माहितीला एक स्टार, तो पण आवाज गोड आहे म्हणून. तुम्ही बुकिंग करताना दोन गोष्टी लिहून मागा, दिवस २४ तासांचा की तारखेचा, आणि उशीर झाला तर किती.

आजोबा बाहेर पाइपने कॅनू धूत होते. कार्पेटचे तुकडे त्यांनी कुंपणावर वाळत घातले, तिथे आधीच सात-आठ वाळत होते. मी म्हणलं चारच लागले. ते म्हणाले मला तीनवाले आवडतात, त्यांच्याकडे सांगण्यासारखं जास्त असतं.

पुढच्या वर्षी ग्रँड फोर्क्स ते ड्रेटन करायचं चाललंय, दाजींनी शटल त्यांच्याशीच बोलून ठेवलीये, काउंटरला न विचारता. दिवस किती ते मी सांगायचं नाही असं घरात ठरलंय.